पायाखालचा पाया

दारापुढे पूर्वी शहाबादी फरशी असे किंवा शेणाने सारवलेले अंगण असे. आता बहुतेक नव्या घरांपुढे सिमेंटचे पेव्हर ब्लॉक दिसतात. बसवल्या दिवशी ते देखणे असतात. पण दोन पावसाळे उलटले की अनेक ठिकाणी मोटारीच्या चाकांचे चर उमटतात, कडेचे ब्लॉक बाहेर सरकतात, मध्येच एखादा बोटभर वर येतो आणि सकाळी दर्शनाला निघालेल्या आजींचा पाय नेमका तेथेच अडखळतो. उतारवयातील असे एक पडणे किती महाग पडते, हे सांगायला नको. दोष मात्र बहुधा ब्लॉकचा नसतो. तो खाली, दृष्टीआड असतो.

कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. ती तशीच ठेवून काम केले तर वरची फरसबंदी तिच्यासह हलणारच. म्हणून शक्य तेवढी काळी माती काढून तेथे मुरूम भरावा, पाणी मारून थराथराने दाबावा. त्यावर मोटारीच्या वाटेसाठी खडीचा दाबलेला सुमारे 150 मिलिमीटरचा थर घ्यावा. नुसत्या पायवाटेला 100 पुरतो. खडीवर भरड वाळू, फक्त 30 मिलिमीटर, फळीने सपाट ओढलेली. खालचे उंचसखलपण या वाळूनेच झाकण्याचा मोह कारागिरांना होतो. तो रोखावा, कारण जेथे वाळू जाड, तेथे पुढे खड्डा ठरलेला. ढाळसुद्धा खडीच्या थरातच द्यायचा असतो: घरापासून बाहेरच्या बाजूस दर मीटरला सुमारे दोन सेंटिमीटर.

ब्लॉक निवडणे त्या मानाने सोपे. मोटार येणार असेल तर 60 मिलिमीटर जाडीचे घ्यावेत. या ब्लॉकसाठी आयएस 15658 हे भारतीय मानक आहे. त्यानुसार झालेल्या चाचणीचा अहवाल विक्रेत्याकडे मागण्यात संकोच नसावा. रंगावर जितकी चर्चा होते, तितकी कडेच्या काँक्रीटवर व्हायला हवी. कड पक्की नसेल तर ब्लॉक हळूहळू पसरतात. चाकांच्या वाटेवर सरळ रांगांपेक्षा काटकोनात गुंफलेली रचना अधिक टिकते.

शेवटी यंत्राने ठोकून घेऊन सांध्यांत कोरडी बारीक वाळू झाडूने भरायची. येथे अनेक घरी सिमेंटचे पाणी ओतले जाते; ते टाळावे. वाळूमुळे शेजारचे ब्लॉक एकमेकांचा भार वाटून घेतात, आणि उद्या नळ फुटला तर तेवढेच ब्लॉक उचलून पुन्हा बसवता येतात. सिमेंटने ही सोय जाते आणि भेगा मात्र पडतातच.

काम उन्हाळ्यापूर्वी किंवा उन्हाळ्यात उरकावे. पावसाळ्यात ओली माती नीट दबत नाही, शिवाय त्या दिवसांत जमिनीत जीवजंतूंची उत्पत्ती फार असते. चातुर्मासात खोदकाम न काढण्याची आपल्या घरांतील रीत येथे उपयोगाचीच आहे. ढाळ नीट असेल आणि सावलीतल्या कोपऱ्यात पाणी साचत नसेल, तर शेवाळही कमी धरते. एरवी आधी शेवाळ वाढू द्यायचे आणि मग ते खरवडायचे, असा दुहेरी प्रसंग दरवर्षी येतो.

काम संपल्यावर उरलेल्या ब्लॉकपैकी दहा-वीस घरीच ठेवावेत. त्याच छटेचे पुढे मिळतीलच असे नाही.