हाडांचा कोळसा आणि पिण्याचे पाणी

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत माझ्या शेजारच्या मशीनवर किनवटकडचा एक पोरगा कामाला आहे. त्याच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. तंबाखूवरून सगळे त्याला टोचून बोलत. त्याने जन्मात तंबाखूला हात लावलेला नाही. तो हसताना तोंडावर हात धरतो, एवढेच त्याचे उत्तर. दूधगंगेच्या पाण्यावर वाढलेल्या आम्हांला ठाऊकच नव्हते की पाणीही माणसाच्या तोंडावर असा शिक्का मारते.

किनवट, पांढरकवडा, चंद्रपूर या भागांत खडकातले फ्लोराईड भूजलात उतरते. आता यातली विटंबना पाहा. शाहू महाराजांनी 1919 साली आपल्या संस्थानातल्या सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या, तरी महाराष्ट्रात गावोगाव पाणवठ्यावरचा पहारा उठला नाही. 1972 च्या दुष्काळानंतर बोअर खणले गेले, वस्तीत हातपंप आला, कुणापुढे ओंजळ न धरता पाणी मिळू लागले. पण जिथे खडकातच फ्लोराईड आहे, तिथे हे हक्काचे पाणीच हाडांत शिरले. त्याला रंग नाही, वास नाही. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे 1 मिलिग्रॅम फ्लोराईड चालते, दुसरे पाणीच नसेल तर 1.5. त्यापुढे लहान मुलांचे बनते दात डागाळतात. प्रमाण तीनच्या वर असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर सांधे आणि कणा आखडू शकतो. उकळून उपयोग नाही. पाणी आटते, फ्लोराईड तेवढेच राहते.

नागपूरच्या नीरी या संस्थेने 1970 च्या दशकात नालगोंडा पद्धत पुढे आणली. तिला लागते तुरटी आणि चुना. दोन्ही पाण्यात घालून दहा मिनिटे हळू ढवळायचे, तासभर निवू द्यायचे. फ्लोराईड गाळाबरोबर तळाशी बसते. बादलीची तोटी तळापासून थोडी वर हवी. तुरटी किती, हे त्या पाण्यातल्या फ्लोराईडवर आणि क्षारतेवर ठरते. अंदाजपंचे टाकली तर फ्लोराईड राहते किंवा ॲल्युमिनियम पोटात जाते. गाळ विहिरीजवळ टाकू नये. पद्धत स्वस्त खरी, पण रोज मोजूनमापून करणार कोण? रोजगाराला जाणारी बाईच ना?

दुसरा पदार्थ हाडांचा कोळसा. हाडे कमी हवेत चारपाचशे अंश उष्णतेवर भाजून त्यांचा चुरा करतात आणि पाणी त्यातून गाळतात. हाडातले खनिज फ्लोराईड ओढून घेते. शरीरात आपल्या हाडांचे जे होते, तेच इथे शरीराबाहेर, मेलेल्या जनावराच्या हाडाकडून करून घ्यायचे. केनियातल्या नाकुरू भागात असे फिल्टर वापरात आले. कोळसा नीट भाजला नाही तर पाण्याला वास येतो, आणि त्याची ताकद संपली की तो बदलावा लागतो.

आपल्याकडे हा उपाय फारसा रुजला नाही. कारण विचाराल तर लोक म्हणतील, हाड पाण्यात कसे चालेल? विटाळ! विलायतेत साखर पांढरी करायला हाच कोळसा वापरीत, हे त्यांना कुणी सांगत नाही. मेलेले ढोर ओढायला, हाडे वेचायला मात्र आमची माणसे चालत होती. माझे मत स्पष्ट आहे : विज्ञानाला विटाळ नाही, तेव्हा हा कोळसा वापरावा. पण हाडे गोळा करण्याचे काम पुन्हा आमच्याच गळ्यात येणार असेल, तर तो कोळसा आम्हांला नको. कत्तलखान्यातून यंत्राने, मजुरी ठरवून, कुठल्याही जातीच्या माणसाने ते करावे.

आणि आधी पाणी तपासावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ते होते. त्या पोराचे डाग आता जाणार नाहीत. त्याला धाकटी बहीण आहे, तिचे पक्के दात अजून यायचे आहेत. दिवाळीला गावी गेला तेव्हा हातपंपाचे पाणी तो प्लास्टिकच्या बाटलीत भरून घेऊन आला. सोमवारी आम्ही ते तपासायला देणार आहोत.