कल्पित नगरांचे भांडण

हल्ली तरुण मंडळी टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात. एकजण कल्पित देश रचतो. बाकीचे त्यातील पात्रे होऊन बोलतात. त्या देशातील दोन नगरांचे वैर पुष्कळदा लटके वाटते, कारण एक राजा दुष्ट आणि दुसरा सज्जन, एवढ्यावरच ते उभे असते. श्रोतेहो, आम्ही हयात कामगारांच्या वाटाघाटींत घालविली. आम्ही म्हणू, आधी पाणी कुठून येते ते पाहा.

आपल्या पेणचेच घ्या. हेटवण्याचे धरण पेण तालुक्यात. त्याचे पाणी नवी मुंबईला जाते, आणि खारेपाटातील बायाबापड्या उन्हाळ्यात हंडे मांडून टँकरची वाट पाहतात. नवी मुंबईत काही राक्षस राहत नाहीत. तहान तिथेही आहे, आणि पेणची पोरे तिथेच नोकरीला आहेत. म्हणून हे भांडण खरे.

रोह्याचा पेच याहून अवघड. मुळशीच्या धरणात मावळच्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह उभारला. तरी धरण झालेच. ते पाणी घाट उतरून भिऱ्याला वीज करते, मग कुंडलिकेतून रोह्याकडे येते. मावळाचे गेले ते रोह्याला मिळाले, आणि रोहेकराने तर कोणाचे काही हिसकावले नव्हते!

शिवाय नगराला एकच मत नसते. कोणी म्हणतो नळ तोडा, कोणी म्हणतो करार करा. आणि एखाद्या टँकरवाल्याला तंटा मिटणेच परवडत नाही. असा एकेक इसम दोन्ही नगरांत आधी बसवावा, राजा मागाहून आणावा.