सातासमुद्रापलीकडची रविवारची शाळा

परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे सहा महिने राहून यावयाचे, ही गोष्ट मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली येथील सेवानिवृत्त कुटुंबांत आता नवलाईची राहिलेली नाही. जाताना मेतकुटाची आणि भाजणीची चिंता, येताना नातवंडांचा विरह, हे ठरलेलेच. परंतु मधल्या सहा महिन्यांचे करावयाचे काय? जन्मभर फळ्यापुढे उभे राहिलेल्या माणसास रिकामा दिवस खावयास उठतो. आम्हां उभयतांचा हा प्रश्न न्यू जर्सीतील एका रविवारच्या मराठी शाळेने सोडविला. तेथे बिनपगारी शिक्षक म्हणून जे पाहिले व ज्या स्थितीत ते सोडून निघावे लागले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

मराठी माणूस परक्या देशी गेला की आधी मंडळ स्थापन करतो. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ साली न. चिं. केळकर यांच्या पुढाकाराने निघाले. अमेरिका व कॅनडा येथील मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचे. मंडळाबरोबर गणेशोत्सव येतो, नाटक येते, दिवाळी अंकही येतात. मात्र तेथे जन्मलेल्या मुलांना त्यांतले किती समजते, हा प्रश्न उभा राहिला की शाळेची गरज भासू लागते.

आमची शाळा भाड्याच्या खोलीत दर रविवारी सकाळी दहा वाजता भरे. शिकविणाऱ्या बहुतेक आया. आठवडाभर नोकरी करून रविवारची विश्रांती या कामाला देणाऱ्या. मुले हुशार. मराठी बोललेले त्यांना कळे. उत्तर मात्र इंग्रजीत येई. पहिल्याच दिवशी आठ वर्षांचा एक मुलगा निरोप घेताना म्हणाला, "आजोबा, मी पुढच्या रविवारी येते." मुली खुदकन हसल्या, तो बिचारा गोंधळला. विचार करता कारण ध्यानात आले. त्याच्या घरी मराठी बोलणारी अशी आईच. ती 'येते' म्हणते म्हणून तोही 'येते' म्हणतो! आपल्या भरल्या घरात मूल आजोबांचे 'येतो' ऐकते, आत्याचे 'येते' ऐकते आणि व्याकरणाचे पुस्तक न उघडता लिंगभेद शिकते. एकत्र कुटुंब ही केवढी मोठी पाठशाळा आहे, हे आम्हांस सातासमुद्रापलीकडे जाऊन कळले. उपाय सोपा होता. आम्ही मुलांच्या वडिलांना वर्गात बोलावून बसविले व खेळ मांडला. तीन रविवारांत तो मुलगा 'येतो' म्हणू लागला.

नात्यांचा पाठ याहून अवघड. मावशी, आत्या, काकू, मामी या चौघींना इंग्रजीत एकच शब्द. फळ्यावर वंशवृक्ष काढून भागेना. शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी मुलांनाच आई, बाबा, आजी, मामा अशी सोंगे दिली व लटके लग्न लावले. मुलांनी विचारलेले प्रश्न तर आम्ही जन्मात स्वतःला विचारले नव्हते. 'चंद्र' आणि 'चांदणे' यांत अक्षर एकच, मग उच्चार दोन का? तीसच्या आधीचा आकडा 'एकोणतीस', म्हणजे एक उणा तीस. मग नऊ कोठे गेला? वीसच्या आधी, चाळीसच्या आधी तीच तऱ्हा. आणि नव्वदच्या पुढे पाहावे तर 'नव्याण्णव' मध्ये नऊ पुन्हा हजर! अशा वेळी शिक्षकच विद्यार्थी होतो.

नोव्हेंबरअखेर आमचे परतीचे तिकीट होते आणि शाळा चालावयाची मेपर्यंत. पीक निसवत असता राखणदाराने मळा सोडावा, तशी ही गत. अक्षरओळख झालेली, जोडाक्षरे अर्धी राहिलेली. अशा टप्प्यावर खंड पडला तर शिकलेलेही विरते, हे चाळीस वर्षांच्या अनुभवाने आम्ही जाणून होतो. म्हणून शेवटचे चार आठवडे आम्ही नवा पाठ घेतला नाही. एका वहीत प्रत्येक मुलाचे पान केले. कोण 'ळ' ला 'ल' म्हणतो, कोणास 'क्ष' अडतो, कोण गोष्ट ऐकून फुलतो, हे लिहून ती वही आमच्या जागी येणाऱ्या तरुण मातेच्या हाती दिली. तिला स्वतःच्या मराठीचा भरवसा वाटत नव्हता. तिला आम्ही दोन रविवार शिकवावयास लावून स्वतः मागच्या बाकावर बसलो. दुसऱ्या रविवारी ती एकदाही आमच्याकडे वळून पाहिनाशी झाली, तेव्हा निघावयास हरकत नाही असे वाटले.

आता संगणकावरून आम्ही महिन्यातून एकदा गोष्ट सांगतो. तेथील सकाळचे दहा म्हणजे हिवाळ्यात आपल्या रात्रीचे साडेआठ, उन्हाळ्यात साडेसात. चेहरे दिसतात, आवाज येतो. पण हात धरून 'ळ' गिरवून घेता येत नाही. ते काम जवळच्याच माणसाचे.

आणि जवळचे म्हटले म्हणजे आपले घर आलेच. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींहून अधिक होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. तरी आमच्या उपनगरांत मराठी शाळांचा पट घटत आहे, आणि मुलुंडच्या घरात भाजीवाल्याने 'एकोणचाळीस' म्हणताच आमचा चुलतनातू आईच्या तोंडाकडे पाहतो. इंग्रजी शाळेत घालणाऱ्या आईबापांस आम्ही दोष देत नाही. संसाराची गणिते ज्याची त्यास ठाऊक. परंतु परदेशी राहणारी ती नोकरदार माता आपला रविवार देते, तेथे आपणांस घरच्या घरी एक तास अवघड का व्हावा? फळा नको, फी नको. आजोबांनी वर्तमानपत्रातील एक बातमी नातवाकडून मोठ्याने वाचवून घ्यावी, आजीने वाण्याची यादी नातीकडून लिहवून घ्यावी. एवढे झाले तरी पुढील पिढीस मराठी शिकविण्यासाठी कोणास परदेशाहून मुंबईस यावे लागणार नाही.