चटक्याची मोजणी

राजुऱ्याच्या वैशाखात तापलेल्या फरशीवर अनवाणी पाऊल पडले, तर चटका किती तीव्र आहे हे मेंदूला कसे कळते? संवेदी तंतूतून जाणारे विद्युत्स्पंद सारख्याच आकाराचे असतात. चटका वाढला की ते मोठे होत नाहीत, अधिक घाईने येतात. शिवाय आणखी तंतू जागे होतात. एडगर एड्रियन यांनी १९२६ मध्ये हे दाखविले. यातील साधेपणाचे आम्हांस नवल वाटते.

कुष्ठरोगात हेच तंतू निकामी होतात. मग निखाऱ्याचाही निरोप पोहोचत नाही, जखम चिघळत जाते. आपल्याच जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ, बाबा आमटे यांनी आनंदवन उभारले ते अशा रुग्णांसाठी. मुलाच्या अंगावर बधिर चट्टा दिसल्यास पालकांनी तो लपवू नये. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते आणि रोग बरा होतो.