परक्या मैदानावर – लेखांक ९ : पिचरच्या टाचेकडे बघणारा माणूस

मागच्या लेखांकात आपण पिचर पाहिला. त्याची बोटं, चेंडूची शिवण, ऐनवेळी वळणारे चेंडू. तो सगळा थाट एका गृहीतकावर उभा होता : पिचरचं लक्ष समोरच्या बॅटरवर आहे. आज त्याचं लक्ष उडवणाऱ्या माणसाबद्दल. नाव रिकी हेंडरसन, जागा लेफ्ट फिल्ड, म्हणजे आउटफिल्डची डावी बाजू. १९८१ साली उत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह मिळूनही त्याला क्षेत्ररक्षक म्हणून फारसं कोणी आठवत नाही. आठवतो तो बेस चोरणारा म्हणून. एकूण १,४०६ बेस.

आधी चोरीचा कायदा बघू. पहिल्या बेसवर पोहोचलेल्याने दुसऱ्यावर जायचं ते पुढच्या बॅटरने फटका मारल्यावर, हा शिरस्ता. पण नियम त्याला थांबायला सांगत नाही. पिचर चेंडू टाकायच्या बेतात असताना तो स्वतःच्या जबाबदारीवर पळू शकतो. पोहोचला तर बेस त्याचा. चेंडू आधी पोहोचला आणि क्षेत्ररक्षकाने तो त्याच्या अंगाला लावला, तर बाद.

दोन बेसमधलं अंतर ९० फूट. पिचरच्या हालचालीला सुरुवात झाल्यापासून चेंडू बॅटरमागे बसलेल्या कॅचरच्या हातात जायला १.३ ते १.५ सेकंद लागतात. कॅचरने तो झेलून, उठून, सव्वाशेहून अधिक फुटांवरच्या दुसऱ्या बेसकडे फेकायला आणखी दोनेक सेकंद. म्हणजे चोराच्या हातात सगळे मिळून साडेतीन सेकंदसुद्धा नाहीत. तो बेस सोडून दहा-बारा फूट पुढे सरकून उभा असतो, म्हणून तर हिशेब जमतो.

हे पुढे सरकणं क्रिकेटवाल्यांच्या ओळखीचं आहे. नॉन-स्ट्रायकर असाच क्रीझ सोडून पुढे येतो, आणि १९४७ साली सिडनीत विनू मांकड यांनी बिल ब्राउनला तसंच बाद केलं तेव्हा केवढा गहजब झाला. बेसबॉलमध्ये असला सोवळेपणा नाही. पुढे सरकलेल्याला बाद करण्यासाठी पिचरने गर्रकन वळून पहिल्या बेसवर चेंडू फेकणं हे त्याचं रोजचं काम. फक्त एक बंधन : बॅटरकडे चेंडू टाकण्याची हालचाल एकदा सुरू केली की मध्येच विचार बदलायचा नाही. बदलला तर पंच धावपटूला पुढचा बेस फुकट देतात.

हीच ती फट. पिचर आता माघार घेऊ शकत नाही, हा क्षण जो सगळ्यांत आधी ओळखेल तो पळेल. उजव्या हाताच्या पिचरची पाठ पहिल्या बेसकडे असते. त्याची मागची, म्हणजे उजवी टाच आधी उचलली गेली तर तो वळणार. डावा पाय आधी हलला तर चेंडू बॅटरकडेच जाणार. डावखुरा पिचर मात्र थेट चोराच्या तोंडाकडे बघत उभा असतो आणि एकाच पद्धतीने पाय उचलून दोन्हीपैकी काहीही करू शकतो, म्हणून त्याच्यासमोर भलेभले वेगवान खेळाडू पहिल्या बेसला चिकटून राहतात. हेंडरसन वेगवान होताच, पण त्याच्याइतके वेगवान पुष्कळ झाले. पिचरची टाच, गुडघा, खांदा वाचण्यात त्याचा हात धरणारे मोजकेच. कॅचरच्या दंडातल्या ताकदीची चर्चा समालोचक करत बसतात. बेस चोरीला जातो तो बहुतेक वेळा पिचरकडून.

हेंडरसनचा जन्म १९५८ च्या नाताळचा, शिकागोत, रुग्णालयात पोहोचण्याआधीच मोटारीच्या मागच्या सीटवर. (पुढच्या आयुष्यातही त्याला थांबायची सवय लागली नाही.) वाढला ओकलंडमध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरापलीकडच्या बंदराच्या शहरात. शाळेत त्याचं पहिलं प्रेम अमेरिकन फुटबॉल. त्यात शिष्यवृत्त्याही चालून आल्या होत्या. फुटबॉलमध्ये शरीर लवकर मोडतं, बेसबॉल खेळ, हा सल्ला आईचा. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी तर प्रत्येक हिट, प्रत्येक धाव आणि प्रत्येक चोरलेल्या बेसमागे पंचवीस सेंटचं नाणं लावलं. ही हकीकत त्याने पुढे हॉल ऑफ फेमच्या भाषणात जाहीरपणे सांगितली.

१९७६ साली ओकलंडच्याच ॲथलेटिक्स संघाने त्याला उचललं. पुढच्या वर्षी कनिष्ठ लीगमध्ये मोडेस्टोकडून खेळताना ९५ बेस. जून १९७९ मध्ये मोठ्या लीगमध्ये पदार्पण, आणि १९८० साली संघाची सूत्रं बिली मार्टिन या भांडखोर, जुगारी वृत्तीच्या मॅनेजरकडे आली. त्याने या पोराला मोकळं सोडलं. त्याच हंगामात ठीक १०० बेस. टाय कॉबचा ९६ चा अमेरिकन लीगचा (मोठ्या लीगच्या दोन शाखांपैकी एक) विक्रम १९१५ पासून उभा होता, तो गेला.

मग १९८२. लू ब्रॉकचा एका हंगामातला ११८ चा विक्रम फक्त आठ वर्षांपूर्वीचा होता. २७ ऑगस्टला मिलवॉकीच्या मैदानावर हेंडरसन पहिल्या बेसवर आला तेव्हा तो पळणार, हे झाडून सगळ्यांना ठाऊक होतं. पिचर डॉक मेडिच पुन्हा पुन्हा पहिल्या बेसकडे चेंडू फेकत राहिला. हेंडरसन दर वेळी परत बेसवर, कपडे झटकून पुन्हा पुढे. मग पळालाच. डोकं पुढे, दोन्ही हात पसरून, पोटावर घसरत. विमान अलगद उतरतं तसं जमिनीलगत यायचं, ही युक्ती एका विमानप्रवासात सुचल्याचं तो सांगे. पाय पुढे करून घसरणाऱ्यांच्या तुलनेत यात बोटं मोडायची भीती जास्त, पण त्याला ती पत्करायची होती. ११९ वर तो थांबला नाही. त्या दिवशी एकूण चार बेस, हंगामाअखेर १३०. हा आकडा आजही अबाधित आहे.

त्याच हंगामातला दुसरा आकडा मात्र अभिनंदनाच्या लेखांत कोणी छापत नाही : ४२ वेळा तो पळताना बाद झाला. तोही विक्रमच. आणि इथे जरा थांबायला हवं. नऊ डावांच्या सामन्यात एका संघाला २७ बळी वापरता येतात, त्यातला एक पळून फुकट घालवणं महाग पडतं. चार प्रयत्नांतले साधारण तीन यशस्वी झाले नाहीत तर चोरी हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, असं आकडेमोड करणारे सांगतात. १९८२ चा हेंडरसन त्या रेषेच्या जेमतेम वर होता. गंमत म्हणजे ही आकडेमोड खेळात रुजवण्यात त्याच्याच ओकलंड संघाचा मोठा हात. १९८९ मध्ये संघात त्याचा सहकारी असलेला बिली बीन पुढे तिथला व्यवस्थापक झाला, आणि त्याने आपल्या खेळाडूंना बेस चोरायला जवळपास मनाईच केली. ब्रॅड पिटचा ‘मनीबॉल’ पाहिला असेल तर हा बीन तुम्हाला माहीत आहे.

तरीही हे आकडेवाले हेंडरसनपुढे हात जोडतात, आणि माझ्या मते ते बरोबर आहेत. चोरी करायला आधी बेसवर पोहोचावं लागतं. हेंडरसन इतका वाकून, जवळजवळ बसूनच फलंदाजी करायचा की पिचरला नेम धरायला जागाच उरत नसे. चार चेंडू बाहेर गेले की पहिला बेस चालत जाऊन मिळतो, याला वॉक म्हणतात. हेंडरसनने असे २,१९० मिळवले. शिवाय ३,०५५ हिट. कारकिर्दीत शंभर वेळा बॅटिंगला आला तर चाळीस वेळा तो बेसवर पोहोचला. पिचर पेचात : नेमका चेंडू टाकावा तर हा डावाच्या सुरुवातीलाच होमरन ठोकतो (असे ८१), आणि बाहेर टाकावा तर वॉक, पाठोपाठ चोरी, म्हणजे फुकटात दुसरा बेस. १९८५ साली न्यूयॉर्क यांकीजकडून त्याने १४३ सामन्यांत १४६ धावा काढल्या. सामन्यामागे एकाहून जास्त. बेसबॉलमध्ये सगळा संघ मिळून चार-पाच धावा करतो, हे ध्यानात घ्या.

१९८९ मध्ये तो ओकलंडला परतला आणि भूकंपाने मध्येच थांबलेली ती वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची मालिका, संघाने जिंकली. १९९० मध्ये तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू. १ मे १९९१ ला यांकीजविरुद्ध तिसरा बेस चोरून त्याने ब्रॉकचा ९३८ चा कारकिर्दीचा विक्रम मोडला, बेस उखडून डोक्यावर धरला आणि शेजारी खुद्द ब्रॉक उभा असताना माइकवर जाहीर केलं, की आज सर्वश्रेष्ठ मी आहे. झालं, वृत्तपत्रांनी त्याला फैलावर घेतलं. त्यात त्याच रात्री टेक्ससमध्ये ४४ वर्षांच्या नोलन रायनने आपला सातवा नो-हिटर (प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न देता संपवलेला सामना) टाकला, आणि नम्र म्हातारा विरुद्ध उर्मट चोर असा मथळा आयताच मिळाला. मला यात उर्मटपणापेक्षा हिशेब दिसतो. तो बोलला ते खरंच होतं.

त्याच्याविषयीच्या दंतकथांना मात्र तोटा नाही. स्वतःचा उल्लेख तो ‘रिकी’ असा करायचा, जणू दुसऱ्या कोणाबद्दल बोलतोय. दहा लाख डॉलरचा धनादेश त्याने बँकेत न भरता चौकटीत लावून भिंतीवर टांगला आणि संघाच्या हिशेबनिसांना तेवढ्या रकमेचा मेळ लागेना, असं सांगतात. १९८७ मध्ये तो जखमी असताना हॅरोल्ड रेनॉल्ड्सने ६० बेस चोरून अमेरिकन लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. अभिनंदनाचा फोन आला असेल म्हणून त्याने उचलला, तर पलीकडे हेंडरसन : साठ? रिकीने इतके निम्म्या हंगामात केले असते! हा किस्सा स्वतः रेनॉल्ड्सच रंगवून सांगतो. त्या एका वर्षाचा अपवाद सोडला तर १९८० ते १९९१ दरवर्षी अमेरिकन लीगमधला पहिला चोर हेंडरसनच होता. पुन्हा एकदा १९९८ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, ६६ बेस चोरून.

पंचवीस हंगाम, नऊ संघ. उत्तरार्धात तो भाडेकरूसारखा फिरला, त्याचं तपशीलवार वर्णन कंटाळवाणं होईल. एक हंगाम मात्र सोडवत नाही. २००१, सॅन डिएगो, वय ४२. ४ ऑक्टोबरला होमरन मारून त्याने टाय कॉबचा २,२४५ धावांचा विक्रम मोडला. होमरनवर घसरायची काही गरज नसते, तरी तो होम प्लेटवर घसरत आला. तीन दिवसांनी ३,००० वी हिट. चोरीचा विक्रम सगळ्यांना पाठ असतो, पण त्याच्या कारकिर्दीचं खरं माप मला या धावांत दिसतं : एकूण २,२९५, बेसबॉलच्या इतिहासात सर्वांत जास्त. बेस हे साधन. सामना जिंकतात धावा.

मोठ्या लीगमधला शेवटचा सामना २००३ मध्ये. पण निवृत्ती जाहीर न करता तो पुढे २००५ पर्यंत छोट्या, स्वतंत्र लीगमध्ये खेळत राहिला, कोणीतरी बोलावेल म्हणून. २००९ मध्ये पहिल्याच मतदानात हॉल ऑफ फेम. सप्टेंबर २०२४ मध्ये ॲथलेटिक्स संघ ओकलंड कायमचं सोडून गेला. तिथल्या शेवटच्या सामन्याआधी मानाचा चेंडू टाकणाऱ्यांत हेंडरसन होता. २० डिसेंबरला न्यूमोनियाने तो गेला.

२०२३ पासून नियम चोरांच्या बाजूने वळले आहेत. बेस आकाराने मोठे झाले, पिचरच्या वेळेवर घड्याळ आलं, पहिल्या बेसकडे मनाला येईल तितक्या वेळा चेंडू फेकण्यावर मर्यादा आली. चोऱ्या वाढल्याही. तरी १९८७ नंतर दोन्ही लीगमध्ये मिळून एका हंगामात शंभर कोणी गाठले नाहीत, आणि कारकिर्दीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर ब्रॉक ९३८ वरच आहे.

हेंडरसनच्या जुन्या फिती सहज सापडतात. त्या बघताना त्याच्याकडे बघू नका. पिचरच्या टाचेकडे बघा आणि तो कधी पळेल याचा अंदाज स्वतः बांधून पाहा. पुढच्या आठवड्यात कॅचर.