युनिट कितीला पडते?

एमआयडीसीतल्या टपरीवर कारखानदारांच्या गप्पांत विजेचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘तुम्हाला युनिट कितीला पडते?’ प्रश्नातले ‘पडते’ अगदी बरोबर आहे; उत्तर देणारा मात्र दरपत्रकातला आकडा सांगून मोकळा होतो. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग दर ठरवतो तो वर्गवारीसाठी. एकाच फीडरवरच्या, एकाच वर्गवारीतल्या दोन कारखान्यांना युनिट वेगवेगळ्या भावात पडू शकते. कारण मोठ्या ग्राहकाचे बिल केवळ किती वीज वापरली याचे नसते. ती किती जोराने ओढली, कोणत्या वेळी ओढली आणि ओढलेल्यातली किती कामी आली, याचेही असते. दर आपल्या हातात नाही हे खरे. पण त्यावरून बिलही आपल्या हातात नाही असे समजणे फार महागात पडते.

सर्वांत कमी समजलेला रकाना म्हणजे मागणी आकार, बोलीभाषेत डिमांड चार्ज. मोटार सुरू होताना झटका घेते, म्हणून डिमांड वाढतो, असे अनेक मेंटेनन्सवालेही सांगतात. प्रत्यक्षात मीटर क्षणाचा झटका धरत नाही, ठरलेल्या मिनिटांच्या खंडाची सरासरी धरतो. एखाद्या मोटारीने दहा सेकंद सहापट प्रवाह घेतला, तरी अर्ध्या तासाच्या सरासरीत त्या मोटारीचा वाटा जेमतेम तीन टक्क्यांनी फुगतो. खरा डिमांड चढतो तो वीज गेल्यावर परत आली की भट्टी, कॉम्प्रेसर, चिलर असे सगळे एकदम पूर्ण भाराने चालवण्याने. हिशेबासाठी केव्हीएमागे 500 रुपये धरा. मागणीचा करार 200 केव्हीएचा आणि एका खंडात सरासरी 230 वर गेली, तर वरच्या 30 केव्हीएला दीडपट दराने 22,500 रुपये लागतात. महिन्यातले बाकीचे सगळे खंड कितीही शिस्तीत गेले तरी त्यात फरक पडत नाही. यावर ‘मग करारच ऐसपैस करून ठेवू’ हा तोडगा निघतो. तोही फसवा आहे, कारण करार मागणीच्या ठरावीक टक्क्यांइतका आकार वापर न होताही भरावा लागतो, आणि आयोगाच्या 2020च्या आदेशापासून ही टक्केवारी टप्प्याटप्प्याने चढत गेली आहे. भट्टीचा हीट सुरू असताना दुसरा मोठा भार वीस मिनिटे मागे ठेवणे, एवढ्या साध्या वेळापत्रकाने जे साधते, ते करार फुगवून साधत नाही.

दुसरा घोळ पॉवर फॅक्टरचा, म्हणजे ओढलेल्यातली किती वीज कामी आली त्या प्रमाणाचा. उच्चदाब ग्राहकांना 1 एप्रिल 2020 पासून बिल कामी आलेल्या किलोवॅट-तासांवर नाही, ओढलेल्या एकूण केव्हीएएचवर येते. म्हणजे पॉवर फॅक्टर 0.9 असेल तर 1,000 युनिटांच्या कामाला सुमारे 1,111 युनिटांचे पैसे. पूर्वी यासाठी वेगळा दंड दिसायचा. आता दंडाचा रकाना नाही, म्हणून दंडही नाही असे वाटते. तो प्रत्येक युनिटात मुरलेला आहे, इतकेच. यावर कपॅसिटर बसवून विसरून जाणे हाही उपाय नाही. रविवारी यंत्रे बंद आणि कपॅसिटर चालू राहिले, तर पॉवर फॅक्टर उलट्या बाजूला, म्हणजे लीडिंगला जातो, आणि केव्हीएएच तेव्हाही चढतात. छतावर सौर पॅनेल लावणाऱ्यांना तर हे हटकून चकवते. कारखान्याला 100 किलोवॅट लागत आहेत, पॉवर फॅक्टर 0.9 आहे, पॅनेलने 60 किलोवॅट दिले. उरले 40. पण प्रत्यक्ष कामी न येणारा रिअ‍ॅक्टिव्ह भार जसाच्या तसा ग्रिडवर राहतो, त्यामुळे त्या तासाला मीटर 40 नाही तर सुमारे 63 केव्हीएएच नोंदवतो. पॅनेलमध्ये खोट नसते, कपॅसिटरचा हिशेब जुनाच राहिलेला असतो. सौरऊर्जेने बिल शून्य होते ही समजूतही याच जातीची, कारण मागणी आकार तसाच राहतो.

रात्रपाळीची वीज स्वस्त, हे एकेकाळी खरे होते. महाराष्ट्रात अनेक वर्षे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उच्चदाब उद्योगांना युनिटमागे दीड रुपया सूट मिळे. मात्र केंद्राच्या 2023च्या सुधारित नियमांनी स्वस्ताई उन्हाच्या आठ तासांकडे नेली : त्या वेळेत दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी आणि व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना कमाल मागणीच्या वेळेत किमान 20 टक्के जास्त. जुन्या सवयीने रात्रपाळी लावण्याआधी चालू दरपत्रक पाहावे.

बचत म्हटली की हात आधी दिव्यांकडे जातो. दिवे दिसतात, गळती दिसत नाही. सात बार दाबाच्या हवेच्या लाइनला तीन मिलिमीटरचे भोक असले, तर कॉम्प्रेसरचे सुमारे तीन किलोवॅट त्यातून जातात. दोन पाळ्यांत, 300 दिवसांत 14,400 युनिटे. त्याचा फुसफुस आवाज यंत्रे बंद असतानाच ऐकू येतो. फॅन आणि सेंट्रिफ्युगल पंपांचे गणित याहून मजेदार आहे. वेग 80 टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्म्यावर येते, म्हणून तिथे वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह शोभतो. कायम एकाच वेगाने, पूर्ण भाराने फिरणाऱ्या यंत्राला तोच ड्राइव्ह लावला, तर उलट थोडी वीज तो स्वतःच खातो.

‘हे सगळे चिल्लर झाले, मूळ दुखणे दराचे आहे,’ हा आक्षेप पोकळ नाही. शेती आणि छोट्या घरगुती ग्राहकांच्या स्वस्त विजेचा भार क्रॉस-सबसिडीच्या रूपाने उद्योग उचलतात, आणि त्यावर आयोगाच्या जनसुनावणीत भांडणे रास्तच आहे. 2022च्या हरित मुक्त प्रवेश नियमांनी 100 किलोवॅटच्या ग्राहकालाही बाहेरून हरित वीज घेण्याची वाट दिली. तिथेही विक्रेत्याचा दर म्हणजे पडता भाव नव्हे, त्यावर वहन आकार आणि अधिभार चढतात. शिवाय दर जितका चढा, तितके ते तीन मिलिमीटरचे भोक महाग. म्हणून दराची तक्रार करा, जरूर करा. पण त्याआधी गेल्या बारा महिन्यांची बिले टेबलावर ओळीने मांडा आणि युनिटांचा रकाना झाकून कमाल मागणी आणि पॉवर फॅक्टर हे दोनच रकाने वाचा.