जुन्या विमानाचे सुटे भाग

यंत्राचा एखादा लोखंडी भाग मोडला, तर कागल परिसरातील फौंड्रीत त्यावरून साचा करून तसाच नवा भाग ओतून घेता येतो. विमानातील इलेक्ट्रॉनिक भागांचे तसे नसते.

२७ ऑक्टोबर १९४७ रोजी आपले सैनिक डाकोटा नावाच्या मालवाहू विमानांतून श्रीनगरला उतरले. त्या काळच्या विमानांतील बिनतारी यंत्रांत काचेच्या निर्वात नळ्या असत. त्यांना ‘व्हॉल्व्ह’ म्हणत. नळीतील तार तापली की इलेक्ट्रॉनांचा प्रवाह सुरू होई आणि त्याच्या योगाने क्षीण संदेश सबळ होई. तार जळाली की नळी निकामी! ती ओतून कशी मिळणार? त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढे नळ्यांचे बहुतेक कारखाने बंद पडले. बरे, नळीच्या जागी ट्रान्झिस्टर बसवावा, तर नळीला शेकडो व्होल्टांचा दाब लागे. ट्रान्झिस्टरला थोडकाच पुरतो. म्हणून जुन्या भांडारांत पडून राहिलेल्या नळ्या शोधाव्या लागतात, नाहीतर सबंध यंत्रच बदलावे लागते.

‘परशुराम’ नावाचे डाकोटा ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१८ साली भारतीय वायुसेनेत दाखल झाले. त्या दूरच्या उड्डाणासाठी त्याची दिशादर्शक यंत्रणा आधी सुधारून घ्यावी लागली होती.